चिकणमाती कशाला धरते?

चिकणमाती पाण्यातले रंगद्रव्य किंवा शिशासारखा धातू काढून घेते, तेव्हा विरघळलेले आयन आणि रेणू तिच्या कणांच्या पृष्ठभागाला येऊन चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात, आणि ती पृष्ठभागावर घडत असल्यामुळे ज्या मातीचा पृष्ठभाग मोठा तीच चांगली, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे.

चिकणमातीतील खनिजे पापुद्र्यांची बनलेली असतात. केओलिनाइटच्या पापुद्र्यात सिलिकाचा एक आणि अ‍ॅल्युमिनाचा एक असे दोन थर असतात, तर माँटमोरिलोनाइटमध्ये अ‍ॅल्युमिनाचा थर सिलिकाच्या दोन थरांमध्ये दाबलेला असतो. या मधल्या थरात अ‍ॅल्युमिनिअमच्या काही जागा मॅग्नेशिअमने बळकावलेल्या असतात. अ‍ॅल्युमिनिअमवर तीन धनभार, मॅग्नेशिअमवर दोनच. त्यामुळे संपूर्ण पापुद्र्यावर कायमचा ऋणभार उरतो. तो भरून काढण्यासाठी सोडिअम किंवा कॅल्शिअमचे आयन पापुद्र्यांच्या मध्ये येऊन बसतात, पण ते घट्ट बांधलेले नसल्याने शिसे, जस्त किंवा मिथिलीन ब्लूसारखा धनभारित रंग आला की जागा सोडतात. केओलिनाइटमध्ये अ‍ॅल्युमिनिअमच्या जागी मॅग्नेशिअम येण्याचा असा प्रकार जवळजवळ नसतो, आणि तिचे पापुद्रे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. म्हणूनच 100 ग्रॅम केओलिनाइटची आयन-विनिमय क्षमता साधारण 3 ते 15 मिलिइक्विव्हॅलंट (आयनांवरील भार मोजण्याचे एकक) असते, तर माँटमोरिलोनाइटची 80 ते 150. केओलिनाइटचे जे काही अधिशोषण होते त्यातील बराचसा भाग कणांच्या तुटक्या कडांवर होतो. या कडांवरचा भार पाण्याच्या आम्लतेप्रमाणे बदलतो, त्यामुळे आम्लधर्मी पाण्यात ती धातूंचे आयन फारसे धरत नाही.

मातीचा पोत, म्हणजे तिचा पृष्ठभाग आणि छिद्रे, मोजण्याची रूढ पद्धत 1938 साली ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांनी मांडली. तिच्यात उणे 196 अंश सेल्सिअसला नायट्रोजन वायू नमुन्यावर किती बसतो ते पाहून पृष्ठभाग काढतात. येथेच एक गंमत होते. मोजणीपूर्वी नमुना पूर्ण वाळवावा लागतो, वाळताना माँटमोरिलोनाइटचे पापुद्रे एकमेकांवर बसतात आणि नायट्रोजनला त्यांच्यामध्ये शिरता येत नाही. परिणामी ग्रॅममागे बहुधा शंभराहून कमी चौरस मीटर पृष्ठभाग नोंदला जातो. तीच माती पाण्यात फुगली की आतले पृष्ठ खुले होतात, आणि एकूण आकडा ग्रॅममागे 700 ते 800 चौरस मीटरपर्यंत जातो. केवळ नायट्रोजनचा आकडा पाहून दोन मातींची तुलना करणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. सेपिओलाइट या तंतुमय खनिजाची गोष्ट उलट आहे: त्याच्या तंतूंमधून आरपार बोगदे गेलेले असल्यामुळे कोरडा असतानाही त्याचा पृष्ठभाग मोठा भरतो, पण भार कमी असल्याने विनिमय क्षमता बेताचीच राहते. बोगद्यात न मावणारे मोठे रेणू तर बाहेरच अडतात.

क्षमता कमी म्हणजे माती निरुपयोगी, असेही नाही. इलाइट या चिकणमातीतील खनिजाचे पापुद्रे पोटॅशिअमने इतके घट्ट जखडलेले असतात की ते फुगत नाहीत. मात्र झिजून उसवलेल्या त्यांच्या कडांमध्ये सीझिअमचा आयन अचूक बसतो आणि सहजासहजी सुटत नाही. चेर्नोबिलच्या 1986 मधील अपघातानंतर किरणोत्सारी सीझिअम अनेक खनिजयुक्त जमिनींत वरच्याच थरात टिकून राहिले, त्याचे एक कारण हे होते.

आम्लप्रक्रियेने हा पोत मुद्दाम बदलता येतो. आम्ल मधल्या थरातले अ‍ॅल्युमिनिअम, मॅग्नेशिअम आणि लोह विरघळवून काढते, छिद्रे रुंदावतात, आणि अशी माती खाद्यतेलातील हरितद्रव्य टिपण्यास उपयोगी पडते. प्रक्रिया लांबली तर मात्र स्फटिकरचनाच ढासळून मागे निराकार सिलिका उरते.

खाणीतून निघालेली माती शुद्ध खनिज नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. क्वार्ट्‌झ केवळ वजन वाढवते, लोहाची ऑक्साइडे आर्सेनिक धरतात, आणि कॅल्साइट पाण्याची आम्लता कमी करून धातूंना साक्याच्या रूपात खाली बसवते. हा साका प्रयोगात अधिशोषण म्हणून मोजला गेला, तर मातीची क्षमता आहे त्याहून मोठी भासते. क्ष-किरण विवर्तनाने घटक खनिजे ओळखल्याशिवाय आणि मिश्रणाची अंतिम आम्लता नोंदवल्याशिवाय ही चूक पकडता येत नाही.