व्यवसायांमधील सामाजिक जाळे आणि सामाजिक स्तरीकरण

निरनिराळे व्यवसाय करणारी माणसे मैत्री, सोयरीक, शेजार आणि ओळखपाळख यांतून एकमेकांशी बांधली जातात. या बांधणीला व्यवसायांमधील सामाजिक जाळे म्हणतात. समाजाची उतरंड, म्हणजेच सामाजिक स्तरीकरण, या जाळ्यावरून मोजता येते, असे मानणारा समाजशास्त्राचा एक प्रवाह आहे. माणूस सहसा बरोबरीच्यांत मैत्री करतो आणि बरोबरीच्या घरी लेक देतो. म्हणून ज्या दोन व्यवसायांत असे संबंध वारंवार जुळतात ते उतरंडीवर जवळचे, आणि ज्यांत ते क्वचितच जुळतात ते लांबचे. पगार किंवा शिक्षण यांच्या मोजमापात न दिसणारे अंतर येथे उघड होते. मराठी समाजाला तर ही दृष्टी ओळखीचीच आहे. रोटी-बेटी व्यवहार कोणाशी, यावरून माणसाची पायरी ठरवण्याची रीत येथे फार जुनी.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२५ मध्ये वांशिक गटांमधील सामाजिक अंतर मोजण्याची श्रेणी मांडली. व्यवसायांच्या बाबतीत हे काम १९७० च्या दशकात केंब्रिज येथे स्ट्युअर्ट, प्रँडी आणि ब्लॅकबर्न यांनी केले. लोकांना त्यांच्या मित्रांचे व्यवसाय विचारून त्यांनी व्यवसायांचा क्रम लावला. पुढे पती-पत्नींच्या व्यवसायांच्या नोंदी वापरून अनेक देशांसाठी अशा श्रेण्या तयार झाल्या. त्यांना ‘कॅमसिस’ म्हणतात. त्यांत सरासरी गुण ५० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १५ धरलेले असते.

कामातला संबंध आणि बरोबरीचा संबंध यांत गल्लत करून चालत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला शेतकरी, अडत्या, खरेदीदार, तोलाईदार आणि हमाल एकाच छपराखाली असतात. त्यांचे एकमेकांवाचून पान हलत नाही. अडत्या शेतकऱ्याला हंगामापूर्वी पैसे देतो, अडीनडीला हमालाला उचल देतो, दोघांच्या घरच्या कार्याला जातो. पण घरात स्थळ शोधायची वेळ आली की अडत्याची नजर व्यापारी, डॉक्टर, इंजिनिअर यांच्या घरांकडे वळते. रोजची भेट उतरंड पुसत नाही, हे अशा बाजारात स्पष्ट दिसते. म्हणूनच मोजणीसाठी मैत्री व विवाह घेतात, नुसता व्यवहार घेत नाहीत.

विवाहाचे माप महाराष्ट्रात मात्र जपून वापरावे लागते. येथे बहुतेक लग्ने जातीत होतात आणि अनेक व्यवसाय पिढ्यानपिढ्या जातीशी जोडलेले होते. दोन व्यवसायांत सोयरीक होत नाही याचे कारण त्यांतील पायरीचा फरक, की जातीची भिंत, हे पती-पत्नींच्या व्यवसायांच्या नुसत्या तक्त्यावरून कळत नाही. साताऱ्यात शालेय शिक्षण सुरू केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये सांगितले होते की जातिव्यवस्था ही श्रमाचीच नव्हे, तर श्रमिकांचीही विभागणी आहे. या प्रदेशातील व्यावसायिक जाळ्यांचा कोणताही अभ्यास हे विधान बाजूला ठेवून पुरा होणार नाही.

जाळे माणसाला कामही मिळवून देते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले की नवी माहिती जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण त्यांचा वावर वेगळ्या वर्तुळात असतो. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील गलाई व्यवसायाची गोष्ट याहून निराळी आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतील माणसे दागिने वितळवून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यानिमित्त देशभरातील शहरांत पोहोचली. गावाकडचा पोरगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जातो, भट्टी आणि मूस (धातू वितळवण्याचे भांडे) सांभाळायला शिकतो, टंच काढू म्हणजे सोन्याचा कस तपासू लागतो आणि हात बसला की दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान टाकतो. सराफ लाखोंचा माल त्याच्या हाती सोपवतो तो नात्यागोत्याच्या भरवशावर. येथे घट्ट नात्यानेच दारे उघडली. कोरडवाहू शेतकऱ्याची मुले या एका जाळ्यामुळे दुकानदार झाली, ही सामान्य गोष्ट नाही. मात्र असे जाळे मुख्यतः एकाच धंद्याची वाट दाखवते, आणि ज्याचा मामा त्या धंद्यात नाही त्याला ती वाट सापडणे कठीण.

सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी भागांतून मुंबईच्या बाजारात गेलेल्या माथाडी कामगारांच्या टोळ्याही गावकी-भावकीच्या ओळखीवर उभ्या राहिल्या. तेथे पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली जाळ्याचे संघटनेत रूपांतर झाले आणि १९६९ चा माथाडी कायदा आला.

समाजशास्त्रज्ञ नॅन लिन यांच्या मते, ओळखी किती यापेक्षा त्या किती वरच्या पदांपर्यंत पोहोचतात याला महत्त्व आहे. त्यासाठी व्यवसायांची यादी वाचून ‘यांपैकी कोणाला ओळखता?’ असे विचारण्याची पद्धत रूढ आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांचे मोल या कसोटीवर फार मोठे ठरते. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. घरच्या सोयरिकीत ज्या ओळखी मिळाल्या नसत्या त्या त्यांना शाळेच्या वयातच मिळाल्या.

मोजणीतील एक अडचण ऊसतोडीत ठळकपणे दिसते. जत, आटपाडी किंवा बीडकडून कृष्णाकाठी येणारे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरले जातात. मुकादम उचल देतो ती जोडीवर. पती-पत्नींच्या तक्त्यात ऊसतोड कामगाराची जोडीदार ऊसतोड कामगारच दिसते, पण ती जुळणी बरोबरीच्या निवडीची नसून कामाच्या रचनेची असते. शेतकरी जोडप्यांचेही तसेच. कॅमसिससारख्या पद्धतींत अशा जोड्या वेगळ्या काढून उरलेल्यांवरून अंतर मोजतात. तोडकऱ्याचा कारखान्याशी संबंध बहुधा मुकादम आणि फडात येणारा चिटबॉय (उसाच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस) यांच्यापुरताच राहतो, म्हणून त्याचे जाळे समजून घ्यायला लग्नाच्या नोंदींपेक्षा उचलीचा हिशेब अधिक उपयोगी पडतो.