कोड उघडा, म्हणून गुणही उघडे?

संस्थेसाठी एलएमएस (अभ्यासक्रम, परीक्षा, गुण सांभाळणारं ऑनलाइन सॉफ्टवेअर) निवडायची वेळ आली की एक फॉरवर्ड हमखास येतो: ‘ओपन सोर्स घेऊ नका, कोड जगाला दिसतो, म्हणजे मुलांचे गुणही दिसणार.’ शंका रास्त आहे. ‘ओपन’ या शब्दानेच घोळ केलाय.

उघडा असतो तो फक्त कोड. नावं, गुण, हजेरी हे सगळं तुमच्या डेटाबेसमध्ये राहतं. खात्री करायची तर २००२पासून चालत आलेल्या मूडल या ओपन सोर्स एलएमएसची झिप उतरवून घ्या. त्यात ‘कॉन्फिग-डिस्ट’ नावाची नमुना फाइल सापडेल. डेटाबेसच्या पासवर्डच्या जागी तिथे चक्क ‘पासवर्ड’ एवढंच लिहिलेलं आहे! खरा पासवर्ड आपण इन्स्टॉल करताना भरतो आणि तो आपल्याच सर्व्हरवर राहतो.

धोका आहे, पण तो दुसरीकडे. अपडेट वर्षानुवर्षं न करणं, ‘मूडलडेटा’ (अपलोड केलेल्या फाइल्सचा) फोल्डर ब्राउझरमधून उघडेल अशा जागी ठेवणं, आणि (हे फार दिसतं) दिसेल त्याला ॲडमिन करून टाकणं. मूडलमध्ये ॲडमिनला रिपोर्ट्सखाली सुरक्षेची तपासणी मिळते, ती चालवून बघा. आणि बसवून देणाऱ्याला आधीच विचारा: पुढची अपडेट कोण करणार?