गेम पासची दरवाढ : भाड्याच्या कार्ट्रिजपासून मासिक वर्गणीपर्यंत

१ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स गेम पासच्या, म्हणजे मासिक वर्गणी भरून बरेच गेम खेळू देणाऱ्या सेवेच्या, 'अल्टिमेट' योजनेचा अमेरिकेतला मासिक दर १९.९९ डॉलरवरून २९.९९ डॉलरवर नेला. भारतात हीच योजना ८२९ रुपयांवरून १,३८९ रुपयांवर गेली. चार-पाच हजारांचा नवा गेम परवडत नाही म्हणून ज्यांनी वर्गणी धरली होती, त्यांना हा फटका जोरात बसला. या वाढीची मुळं मात्र बरीच मागची आहेत.

गेम विकत न घेता खेळण्याची सोय अमेरिकेत १९८०च्या दशकातच होती. व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांत गेमची कार्ट्रिजही (गेम साठवलेल्या प्लास्टिकच्या डब्या) भाड्याने मिळत. दुकानदार एक प्रत विकत घेई, ती पन्नास घरं फिरून येई आणि गेम बनवणाऱ्याच्या हाती एकाच प्रतीचे पैसे पडत. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीला हे खटकत होतं. १९८९ मध्ये कंपनीने ब्लॉकबस्टर या कॅसेट भाड्याने देणाऱ्या दुकानांच्या साखळीला कोर्टात खेचलं, पण ते गेमसोबतच्या माहितीपुस्तिकांच्या झेरॉक्स काढल्याबद्दल. १९९० च्या अमेरिकन कायद्याने संगणकाचं सॉफ्टवेअर भाड्याने देण्यावर बंधन आणलं, कन्सोलच्या (गेम खेळण्यासाठीच्या खास यंत्राच्या) गेमना मात्र त्यातून वगळलं. मग बनवणाऱ्यांनी दुसरा उपाय शोधला आणि गेम अवघड केले. १९९४ चा 'द लायन किंग' शनिवार-रविवारच्या भाड्यात संपू नये म्हणून मुद्दाम कठीण ठेवला होता, हे तो बनवणाऱ्यांनीच पुढे सांगितलं. पैसे कसे मिळतात यावर गेम कसा घडतो हे ठरतं, आणि वर्गणीचा विचार करताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

त्याच वर्षी सेगा या गेम कंपनीचं सेगा चॅनेल आलं. केबलच्या तारेतून, महिन्याला साधारण १५ डॉलरमध्ये, पन्नासेक गेम मिळत. कन्सोल बंद केला की उतरवलेला गेम पुसला जाई. १९९८ मध्ये ही सेवा बंद पडली. पुढे वर्गणीच्या आणखी सेवा आल्या : २०१० मध्ये सोनीचं प्लेस्टेशन प्लस, २०१४ मध्ये ईए या गेम कंपनीचं ईए अ‍ॅक्सेस आणि १ जून २०१७ रोजी ९.९९ डॉलरचा गेम पास. तोवर हिशेब सरळ होता. ज्या गेमची विक्री ओसरली आहे ते वर्गणीत टाकायचे, म्हणजे जुन्या मालातून थोडी कमाई होते आणि खेळाडूला स्वस्तात खजिना मिळतो. यात कुणाचंच नुकसान नव्हतं.

जानेवारी २०१८ मध्ये एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे नवे गेम पहिल्याच दिवशी गेम पासमध्ये येतील असं जाहीर केलं आणि मार्चमध्ये 'सी ऑफ थीव्हज'पासून ते अमलात आलं. माझ्या मते पुढचं सगळं या एका निर्णयातून निघालं. जो गेम पूर्ण किमतीला विकला गेला असता, तो आता वर्गणीदाराला वेगळे पैसे न मोजता मिळू लागला.

बाहेरच्या डेव्हलपरांशी मायक्रोसॉफ्टचे करार एकसारखे नसतात. कधी गेम बनवण्याचा पूर्ण खर्च दिला जातो, कधी ठरावीक रक्कम, कधी गेम किती खेळला गेला त्यावर मोबदला. लहान स्टुडिओला आगाऊ पैशाचा आधार खरोखर मोठा असतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची 'राजी'साठीची लोकवर्गणीची मोहीम २०१७ मध्ये फसली होती. गेम २०२० मध्ये आला आणि पुढे नेटफ्लिक्सच्या वर्गणीतही गेला. अशा स्टुडिओला खात्रीची रक्कम किती मोलाची असते, हे वेगळं सांगायला नको.

पण ती रक्कम ठरवणारा एकच गिऱ्हाईक असतो, आणि त्याचा अंदाज चुकतो. २०२३ मध्ये फुटलेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत ईमेलमध्ये 'बाल्डर्स गेट ३' गेम पासमध्ये आणायला ५० लाख डॉलर लागतील असा अंदाज होता. तो गेम त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ठरला. अ‍ॅपल आर्केड या अ‍ॅपलच्या गेम-वर्गणी सेवेने तर २०२० मध्ये काही करार मध्येच रद्द केले, कारण कंपनीला वर्गणीदाराला जास्त काळ गुंतवून ठेवणारे गेम हवे होते. भाड्याच्या काळात गेम अवघड करत, आता लांबवायचे.

गेम पासमध्ये आल्यानंतरच्या वर्षभरात गेमची विक्री घटते, हे मायक्रोसॉफ्टच्याच विश्लेषणात दिसल्याचं ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये नोंदवलं. 'कॉल ऑफ ड्यूटी' बनवणारी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी मायक्रोसॉफ्ट ६८.७ अब्ज डॉलरला घेत होती, आणि तोच नियामक तेव्हा ही खरेदी तपासत होता. खरेदी पार पडली आणि २०२४ चा 'कॉल ऑफ ड्यूटी' पहिल्याच दिवशी वर्गणीत आला. त्यापायी ३० कोटी डॉलरहून अधिक विक्री बुडाल्याची बातमी पुढे ब्लूमबर्गने दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३ कोटी ४० लाख वर्गणीदार असूनही ही तूट कुठून तरी भरून काढणं भाग होतं. सोनीने आपले मोठे गेम पहिल्या दिवशी वर्गणीत द्यायचं टाळलं, ते याचसाठी.

स्टुडिओंना याची झळ आधीच लागली होती. मायक्रोसॉफ्टच्याच मालकीच्या टँगो गेमवर्क्सचा 'हाय-फाय रश' जानेवारी २०२३ मध्ये थेट गेम पासमध्ये आला आणि सर्व मापदंडांवर यशस्वी ठरल्याचं एक्सबॉक्सच्या अधिकाऱ्याने जाहीरपणे सांगितलं. तरी मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने टँगो बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि सोबत आर्केन ऑस्टिनही. आपल्याकडे 'बीजीएमआय'मुळे माहीत असलेल्या क्राफ्टनने ऑगस्टमध्ये टँगो आणि 'हाय-फाय रश'चे हक्क घेतले. 'प्रे' बनवणाऱ्या आर्केन ऑस्टिनला मात्र कुणी घेतलं नाही.