पुसेसावळी, लवंगा आणि फॉरवर्डचे बटण

१० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत आक्षेपार्ह पोस्टवरून हिंसाचार उसळला. एकाचा जीव गेला आणि सातारा जिल्ह्यातले इंटरनेट बंद करावे लागले. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, सांगलीच्या जत तालुक्यातल्या लवंग्यात पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. वाट विचारल्याचे निमित्त झाले! पिढ्यान्पिढ्या वाटसरूंना ओसरी देणारा हा मुलूख. इथल्या माणसांना दोष देऊन विषय संपत नाही. त्यांच्या हातातले यंत्र कसे घडले तेही पाहायला हवे.

फेसबुकची न्यूज फीड, म्हणजे उघडताच समोर येणारी पोस्टची रांग, २००६ ची, लाइकचे बटण २००९ चे. त्याच वर्षी ट्विटरवर रिट्विटचे बटण आले आणि वाचणे व पसरवणे यांमधली उसंत गेली. पुढे फीडमध्ये वर काय दिसणार, हे लोकांच्या प्रतिसादावर ठरू लागले. २०१७ पासून फेसबुकच्या हिशेबात इमोजीला, रागाच्या इमोजीलासुद्धा, लाइकच्या पाचपट वजन होते. रागाचे वजन टप्प्याटप्प्याने उतरून शून्यावर यायला २०२० उजाडले. म्हणजे तोवर संताप आणणाऱ्या पोस्टला कंपनीच वर ढकलत होती. हे जगाला कळले २०२१ मध्ये, फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी अंतर्गत कागदपत्रे उघड केल्यावर.

खेड्यापाड्यांत मात्र खरा कारभार व्हॉट्सॲपचा. तिथे फीड नाही, फॉरवर्ड आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले गेले. त्यातले बहुतेक जतला लागून असलेल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, तेव्हा असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. तरीही लवंगा घडलेच.

नुसता क्रम बदलूनही भागत नाही. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या हजारो वापरकर्त्यांना प्रयोग म्हणून तीन महिने वेळेच्या क्रमाने फीड दाखवली; त्यांच्या मतांतली दुही फारशी हलली नाही. मला जास्त आशा वाटते ती सहमतीला वर आणणाऱ्या रचनेत. तैवानमध्ये २०१५ साली उबरचा वाद पोल.इस (Pol.is) नावाच्या ऑनलाइन मंचावर चर्चेला घेतला. तिथे उलट उत्तर देण्याची सोयच नव्हती. दुसऱ्याच्या विधानावर सहमत, असहमत किंवा मत न देता पुढे, एवढेच. टॅक्सीवाले आणि प्रवासी ज्यावर एकत्र येत होते ती विधाने त्यामुळे नजरेत भरली आणि नियमही त्यांच्या आधारे झाले. एक्सवरच्या (पूर्वीच्या ट्विटरवरच्या) कम्युनिटी नोट्सही, म्हणजे वापरकर्त्यांनीच पोस्टला जोडलेल्या टिपा, एरवी न पटणाऱ्या लोकांना ती टीप उपयोगी वाटली तरच सर्वांना दाखवतात.

युरोपीय संघात मोठ्या मंचांना आता वैयक्तिक माहितीवर न बेतलेल्या फीडचा पर्याय द्यावाच लागतो. आपल्याकडच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांचा भर तक्रार अधिकारी नेमणे, मजकूर हटवणे आणि मूळ पाठवणारा शोधणे यांवर आहे. पोस्ट कशाच्या बळावर वर चढते ते उघड करा, ही मागणी सातारा-सांगलीच्या खासदारांनी संसदेत लावून धरली पाहिजे.