सिंथेसायझरचा आराखडा: सुरुवात २२.७ मायक्रोसेकंदांपासून

चारपाच हौशी मंडळी एकत्र येऊन डिजिटल सिंथेसायझर, म्हणजे अंकांतून आवाज घडवणारं वाद्य, बनवायचं ठरवतात, तेव्हा पहिला वाद हटकून चिपवर होतो. कुणाला हातात बसलेला मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) हवा असतो, तर कुणाला बाजारात आलेला सगळ्यांत ताकदवान. माझ्या मते हा वाद थोडा लांबणीवर टाकावा आणि आधी फळ्यावर एकच आकडा लिहावा: २२.७ मायक्रोसेकंद.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुठलीही वारंवारता अंकांमध्ये पकडायची, तर सेकंदाला तिच्या दुपटीहून जास्त सॅम्पल, म्हणजे लहरीची त्या त्या क्षणाची मापं, घ्यावे लागतात. सीडीसाठी ४४,१०० हा दर ठरला तो याच हिशेबाने, आणि पुढे तोच रूढ झाला. सेकंदाचे तेवढे भाग केले की प्रत्येक भाग २२.७ मायक्रोसेकंदांचा होतो. आपल्या यंत्राने दर वेळी सरासरी एवढ्याच अवधीत पुढचा अंक तयार ठेवायला हवा. तो चुकला की स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो आणि कानाला लगेच खुपतो.

२४० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरच्या एका कोअरला या अवधीत सुमारे ५,४४० क्लॉक सायकल, म्हणजे कामाचे ठोके, मिळतात. एका वेळी आठ स्वर वाजवायचे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६८० येतात. ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा भाग), फिल्टर (तिचा रंग बदलणारा), आवाजाचा चढउतार, सगळं त्यातच बसवायचं. असं मांडलं की ‘आठ स्वर की सोळा’, ‘फिल्टर प्रत्येक स्वराला की सगळ्यांना मिळून एक’ हे प्रश्न आवडीनिवडीचे राहत नाहीत. गणित सुटतं आणि चिपही ठरते.

एवढ्याशा वेळात स्वर निर्माण कसा करायचा, हा मला या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. ३२ बिटांचा एक काउंटर घ्यायचा आणि दर सॅम्पलला त्यात एक ठरावीक संख्या मिळवत राहायची. ४४० हर्ट्झसाठी ती संख्या आहे ४,२८,५२,२८१. काउंटर भरला की ओसंडून पुन्हा शून्याजवळ येतो आणि असं सेकंदाला ४४० वेळा होतं. त्याचे वरचे दहा बिट घेतले की १,०२४ किमतींच्या साइन तक्त्यातली नेमकी जागा मिळते. भागाकार नाही, त्रिकोणमिती नाही. एक बेरीज आणि तक्त्यात एक नजर. एरवी प्रोग्रामर ज्या ओव्हरफ्लोला घाबरतो, त्यावरच इथे स्वर उभा राहतो. पुढचा अर्धस्वर हवा असेल तर मिळवायच्या संख्येला १.०५९५ ने गुणायचं. बारा वेळा गुणलं की सप्तक वर.

हाच काउंटर थेट बाहेर काढला तर करवतीच्या दात्यांसारखी सॉटूथ लहर फुकटात मिळते. मात्र इथे एक खड्डा आहे. या लहरीत मूळ वारंवारतेच्या सगळ्या पटी असतात. ३,००० हर्ट्झच्या स्वराची दहावी पट ३०,००० हर्ट्झची. ती ४४,१०० च्या दरात मावत नाही, पण नाहीशीही होत नाही. उलटी दुमडून १४,१०० वर ऐकू येते. १४,१०० ही ३,००० ची पट नाही, त्यामुळे ती त्या स्वरात बेसूर वाजते. उपाय म्हणजे प्रत्येक सप्तकासाठी वेगळा तक्ता, वर जाताना कमी कमी पटींचा. गटात ज्याला गणित आवडतं, त्याच्याकडे हे काम द्यावं.

पहिल्या टप्प्यात मी तर एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन) पद्धतच सुचवेन. १९६७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी शोधलं, की एका साइन लहरीने दुसरीची वारंवारता वेगाने हलवली की घंटेपासून पितळी वाद्यांपर्यंतचे रंग निघतात. यामाहाचा १९८३ चा डीएक्स७ सिंथेसायझर याच तत्त्वावर उभा आहे: प्रत्येक स्वराला सहा साइन ऑसिलेटर. आपल्याला दोन पुरतात, आणि तक्ता तयारच असतो.

आता कामाची वाटणी. सीमारेषा जिथे तारा सगळ्यात कमी आणि नियम सगळ्यात स्पष्ट, तिथे आखावी. कीबोर्ड आणि आवाजाचं बोर्ड यांच्यामध्ये मिडी, म्हणजे वाद्यांनी एकमेकांना निरोप धाडण्याची ठरलेली पद्धत, ठेवावं. १९८३ पासूनचं हे मानक सेकंदाला ३१,२५० बिट धाडतं. पट्टी दाबल्याचा निरोप तीन बाइटांचा असतो: चॅनलसह आज्ञा, स्वराचा क्रमांक (४४० हर्ट्झसाठी ६९) आणि दाबण्याचा वेग. निरोप पोचायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. कीबोर्डवाला आपलं काम संगणकावरच्या कुठल्याही सिंथेसायझरला जोडून तपासतो, आवाजवाला संगणकावरून मिडी पाठवतो. कुणीच कुणासाठी खोळंबत नाही. दुसरी सीमा डीएसीपाशी, म्हणजे अंकांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या चिपपाशी. तिथे आयटूएस या आवाजाचे अंक नेणाऱ्या जोडणीच्या तीन तारा असतात: बिटचं घड्याळ, डावं-उजवं ठरवणारं घड्याळ आणि डेटा.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. कीबोर्डच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आडव्याउभ्या तारांच्या जाळीत, प्रत्येक स्विचला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवाच, नाहीतर तीन पट्ट्या दाबल्यावर न दाबलेली चौथी वाजते. डीएसीला वीजदाब स्थिर ठेवणारा वेगळा रेग्युलेटर द्यावा. सॅम्पल १२८ च्या गठ्ठ्याने तयार केले तर उशीर २.९ मिलिसेकंदांचा होतो. १,०२४ च्या गठ्ठ्याने २३, आणि तेव्हा बोट व आवाज यांच्यातलं अंतर वाजवणाऱ्याला जाणवतं.

पुढच्या पॅनेलची घाई मात्र नको. आधी पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात नॉब बसवावेत आणि गटातल्या प्रत्येकाने त्यावर मनसोक्त वाजवावं. कागदावर महत्त्वाचे वाटलेले दोनतीन नॉब कुणी हातही लावत नाही, आणि एफएमची खोली (वारंवारता किती हलते ते) बदलणारा नॉब सगळ्यांनाच मोठा आणि हाताजवळ हवा असतो. धातूला ड्रिल लावायचं ते त्यानंतर.