डीजे मिक्सचं मास्टरिंग म्हणजे फक्त आवाज चढवणं नव्हे

‘रेकॉर्ड केलेल्या मिक्सवर (एकमेकांत गुंफून सलग वाजवलेल्या गाण्यांवर) लिमिटर (आवाजाला ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) लावून आवाज शक्य तितका चढवला की मास्टरिंग (ऐकवण्याआधीचा शेवटचा हात) झालं,’ हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

मिक्समधलं जवळपास प्रत्येक गाणं आधीच मास्टर झालेलं असतं, त्याची शिखरं (आवाजाची सर्वांत उंच टोकं) आधीच कापलेली असतात. त्यावर पुन्हा जोरात लिमिटर दाबला की किक ड्रमचा ठोका बोथट होतो आणि हाय-हॅटच्या झांजा चरचरायला लागतात. शिवाय स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवा जास्त मोठा आवाज साधारण -१४ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) खाली आणतात. म्हणजे चढवलेला आवाज जातो, बिघाड तेवढा उरतो.

खरं काम असतं गाण्यांमधल्या सांध्यांवर. दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजतात तेव्हा पातळी ३ ते ६ डेसिबलने उसळू शकते. तेवढ्याच जागी व्हॉल्यूम ऑटोमेशनने (सॉफ्टवेअरमध्ये त्या क्षणापुरती आवाजाची रेषा आखून) ती हाताने खाली घ्या. लिमिटरवर सोडलंत तर बेसबरोबर सगळंच दबतं. एखादं जुनं, हळू आवाजाचं गाणं असेल तर तेवढंच उचला. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, शिखरं -६ डेसिबलच्या (कमाल मर्यादेच्या ६ डेसिबल खाली) आसपास ठेवून केलंत तर या दुरुस्तीला जागा मिळते. लिमिटर सर्वांत शेवटी, ट्रू पीक (ध्वनिलहरीचं खरं सर्वोच्च टोक) -१ डेसिबलवर, तोही क्वचितच कामाला लागेल इतका हलका.