लाकडाच्या बंद शेगडीचा दुर्गंध

घर उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळणाऱ्या, दार असलेल्या शेगडीतून किंवा तिच्या धुराड्यातून घरात येणारा नकोसा वास. धुराडे नीट ओढत असेल तर वास वर निघून जातो. वास कधी येतो, यावरून कारण बहुधा ओळखता येते.

नव्या शेगडीचा रसायनी वास उष्णतारोधक रंग पक्का होताना सुटतो. पहिले काही जाळ लहानापासून वाढवत न्यावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि तोवर रंगाला हात लावू नये. हंगामातल्या पहिल्या जाळाचा करपट वास साचलेल्या धुळीचा असतो.

शेगडी थंड असताना, त्यातही पावसाळी दमट हवेत येणारा डांबरट वास क्रिओसोटचा, म्हणजे धुरातून धुराड्यात साचणाऱ्या डांबरासारख्या थराचा. ओले लाकूड किंवा हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवलेला जाळ यांचा धूर अर्धवट जळलेला असतो. धुराडे सुमारे १२०° सेल्सिअसपेक्षा थंड असले की त्यातल्या वाफा आतल्या बाजूला चिकटतात. हा थर पेट घेऊ शकतो, म्हणून प्रश्न केवळ नाकाचा नाही. भुकटीसारखा थर ब्रशने निघतो. काचेसारखा चकाकणारा निघत नाही, तिथे जाणकारच बोलवावा. शेगडीत खाण्याच्या सोड्याची वाटी ठेवल्याने वास थोडा दबतो, थर जागेवरच राहतो. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या आत हवी; ती ओंडका नुकताच फोडून आतल्या बाजूला मोजावी, कारण बाहेरून कोरडे दिसणारे लाकूड हमखास फसवते.

घाण धुराड्यात असली, तरी ती घरात आणते उलटी हवा. स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर ओढतो आणि तिची भरपाई धुराड्यातून होते. पंखा बंद करून खिडकी बोटभर उघडताच वास थांबला, तर दोष घरातल्या हवेच्या दाबाचा. गार पडलेले धुराडे जाळापूर्वी पेटत्या कागदाने तापवून घ्यावे. पावसाचे पाणी आत जात असेल तर वर टोपी बसवावी.

जाळ चालू असताना धूर आला, तर दाराच्या कडेने फट बंद करणारी दोरी तपासावी: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे, ती सहज निसटली तर दोरी बदलावी. धुरासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे त्याचे इशारायंत्र हवेच. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक शेगडीत घालू नये.